पाहुण्यांची खोली

९ नोव्हेंबर २०१६

स्तेलियाना,

'प्रिय' लिहावं की नाही या विचारात चहा गार झाला, म्हणून ते सोडूनच दिलं. फोन तू उचलत नाहीस. घरचा पत्ता कुणाला देत नाहीस. तेव्हा हे पत्र राजधानीत, किशिनाऊला, तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथल्या लोकांनी ते आधी फोडून वाचलं तर वाचू देत. लपवण्यासारखं काही लिहीत नाहीये.

मागच्या महिन्यात तुमची माणसं आपल्या गावात पाहणीला येऊन गेली. तुला ठाऊक असेलच. फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तीन नावं होती, त्यांतलं तिसरं तुझं. आडनाव अजून आमचंच लावतेस हे पाहिलं. सरपंच गेनादिये मला म्हणाला, "बाई, घराघरात तुम्ही शिकवलेली पोरं आहेत, पाहुण्यांना तुम्हीच फिरवा." म्हणून मी बरोबर होते. रस्ता दाखवायला, बाकी काही नाही.

औरिका नावाची मुलगी आली होती. अंगाने काटकुळी, थंडीतही हातमोजे नाहीत. तीन दिवसांत एकसष्ट घरं केली तिने. प्रत्येक घराने तिला रीतसर मोठ्या खोलीत बसवलं, जिथे आपण स्वतः लग्न आणि मयत सोडलं तर कधी बसत नाही. भिंतीवर गालिचे, कोपऱ्यात छताला टेकलेली उशांची चळत, टेबलावर चीज, अक्रोड, लोणच्यातलं कलिंगड, तळघरातली वाइन. चौथ्या घरानंतर पोरगी मला कानात म्हणाली, "बाई, आता पोटात जागा नाही, मी नुसते प्रश्न विचारले तर चालेल का?" मी म्हटलं, "चालणार नाही." मान खाली घालून ती फॉर्मवर खुणा करत राहिली. आता तुझ्या ऑफिसात कळेल की तू तुझ्या त्या प्रबंधात लिहिलंस तसले आम्ही नाही.

तुझे वडील बरे आहेत. पायाला थोडं लागलं होतं, झिना एक दिवसाआड येऊन पट्टी बदलते. तू झिनाला ओळखत नाहीस. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी शाळेच्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांचा दवाखाना झाला, तिथली ती नर्स. तेव्हा काळजीचं काही कारण नाही. तू करत असशील असंही नाही.

तुझी आई, एफ्रोसिना


४ डिसेंबर

स्तेलियाना,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. आजचं पत्र मात्र कामाचं आहे, तेव्हा नीट बसून वाच.

तुमच्या फॉर्मांवरून जिल्ह्यातल्या गावांची यादी लागली. ज्या गावांची गरज जास्त, तिथला दवाखाना राहणार, जिथली कमी तिथला उचलणार. सुस्थितीच्या क्रमाने आपलं गाव वरून तिसरं आलं आहे. 'बऱ्या स्थितीतलं गाव.' सरपंचाने ते दाराशी उभं राहून वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच परीक्षेत चुकीचं उत्तर दिलंय. एक एप्रिलपासून झिनाची बदली. त्यानंतर पट्टी बदलायला एकोणीस किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी जायचं, आणि मिनीबस मंगळवारी आणि शुक्रवारी. जखमेला वार कळत नाहीत, हे तुमच्या संस्थेत कुणी सांगितलं नाही का?

तुम्ही कसले अभ्यासक आहात? इथे एकसष्ट घरांत तुझ्या वयाची सात माणसं उरली आहेत. बाकीच्या सगळ्या बायका इटलीत दुसऱ्यांच्या आयांना अंघोळी घालतायत आणि त्यांच्या आया इथे एकट्या मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांचे बुरखुंडे जाळून शेकत बसल्या आहेत. आणि हे गाव बरं? टेकडीपलीकडच्या गावाचा दवाखाना राहिला. का, तर त्यांनी औरिकाला स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता बसवलं म्हणे. टेबलावर कापडसुद्धा नाही. कोंबडी पायांत फिरत होती. त्यांना रीतच नाही, हे मी तुला लहानपणापासून सांगत आले.

मध्येच उठून बदकांना दाणे घालून आले. बसवत नाही. आज सकाळपासून चौथ्यांदा उठले.

मागच्या पत्रात पायाला थोडं लागलंय असं लिहिलं होतं. ते खरं नाही. साखरेमुळे तुझ्या वडिलांच्या डाव्या पायाचा अंगठा ऑगस्टमध्ये काढला. झिनाने वेळेवर पाहिलं म्हणून अंगठ्यावर भागलं, असं जिल्ह्याचा डॉक्टर म्हणाला. आता शेजारच्या बोटाचा रंग तिला आवडत नाही. मला तो रंग रोज दिसतो.

ही यादी बदल. तुला जमेल.

आई


१२ जानेवारी २०१७

स्तेलियाना,

तुला दोष दिला. त्यानंतर पाच आठवडे झोप नीट नाही. आता जे आहे ते सांगते, कारण इथे सांगायला कुणी नाही. ज्यांना सांगावं त्यांनीच माझं ऐकून ते केलं.

मी नुसती रस्ता दाखवायला नव्हते. औरिका येणार त्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्या गावात फिरले. दारोदार. "मोठ्या खोलीतली चूल पेटवा, गालिचे झटका, टेबल मांडा, माझ्या लेकीच्या ऑफिसातली माणसं येतायत," असं सांगत. लोकांनी सरपण जपून ठेवलेलं असतं, एकच मागची खोली तापवून सगळा हिवाळा काढायचा असतो. माझ्या शब्दाखातर त्यांनी तीन दिवस मोठ्या खोल्या तापवल्या. तुमच्या फॉर्मवर खूण झाली, 'हिवाळ्यात तापवल्या जाणाऱ्या खोल्या: दोन किंवा अधिक.'

तुझ्या वडिलांच्या आत्याबाई, आगाफिया. त्यांनी गालिचे केव्हाच विकले, भिंती उघड्या पडल्या होत्या. मी आमचे दोन नेऊन लावले. संध्याकाळी औरिका आमच्याकडे येणार म्हणून दुपारी ते काढून परत आणले. पोरीच्या लक्षात आलं नाही. दोन्ही घरांत तिने 'गालिचे: आहेत' लिहिलं.

आणि फ्रिज. तू नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी घेऊन दिलेला तो पांढरा फ्रिज मोठ्या खोलीत आहे, प्लगशिवाय. वीज परवडत नाही म्हणून त्यात मी टॉवेल आणि टेबलावरची कापडं घड्या घालून ठेवते. 'फ्रिज आहे का?' 'आहे.' खोटं कुठे बोलले? असला तर आहे म्हणायचं.

हे मी का केलं ते तुला विचारायची गरज नाही. तुझ्या प्रबंधातलं पान त्र्याहत्तर मला अजून पाठ आहे. 'एका भूगोलशिक्षिकेच्या घरी नोव्हेंबर ते मार्च एकच खोली तापवली जाते. कुटुंब तिथेच स्वयंपाक करतं, झोपतं, मुलांच्या वह्या तपासतं. शेजारच्या खोलीत बारा उशा आहेत, ज्यांवर कुणी कधी डोकं टेकलेलं नाही.' गावाचं नाव पहिल्या पानावर आणि गावात भूगोलशिक्षिका एकच. शाळेत मुख्याध्यापिकेने आपल्या खोलीत ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "एफ्रोसिना, खरंच बारा आहेत का हो?" बायका हसल्या. त्या दिवशी घरी येऊन मी तुला काय बोलले ते तुला आठवतं, मलाही आठवतं. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

तेव्हापासून एकच घोकत होते. एक दिवस तुझ्या लोकांना दाखवीन. दाखवलं.

आता चूल विझली. उठते.

आई


५ फेब्रुवारी

स्तेलियाना,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून मी ते एप्रनच्या खिशात टाकलं आणि तीन तास अंगणात कामं काढत फिरले. हौद साफ केला, जो फेब्रुवारीत कुणी साफ करत नाही. मग वाचलं. सहा ओळी. वर 'आई' नाही, खाली नावाचं एकच अक्षर.

तू लिहिलंस ते मी इथे उतरवते, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तुला दिसेल. फॉर्मच्या चौथ्या पानावर 'मुलाखत कोणत्या खोलीत झाली' असा एक रकाना आहे. तो तूच घालायला लावलास, बाकीचे हसले तरी. आपल्या गावाच्या एकसष्टच्या एकसष्ट फॉर्मांवर तिथे 'पाहुण्यांची खोली' असं आहे. ते तू माझं पत्र यायच्या आधीच वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलं होतंस. त्यावरून फेरपाहणी होऊ शकते, पण निम्म्याहून जास्त घरांनी आधीची माहिती अपुरी होती असं सही करून दिलं तरच. आणि हे तुझं स्वतःचं गाव असल्यामुळे तुला यापुढे त्यात हात घालता येणार नाही.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी काय करीन, गाव काय करील, हे तुला किशिनाऊला बसून ठाऊक होतं. मला राग यावा की काय व्हावं ते कळेना, म्हणून मी दवाखान्यात गेले.

झिना खोकी भरत होती. मी तिला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "बाई, तुमची मुलगी म्हणजे हीच का? प्रबंधवाली?"

मी म्हटलं, "तुला त्या प्रबंधाचं काय माहीत?"

तिने कपाटातून दवाखान्याच्या मंजुरीचा कागद काढला. चार वर्षांपूर्वीचा. त्यात कारण म्हणून एकच ओळ आहे: अमुक अभ्यासातील नोंदींनुसार. खाली तुझं नाव, वर्ष आणि पान. पान त्र्याहत्तर.

"तुम्हाला काय वाटलं, दवाखाना आभाळातून पडला?" झिना म्हणाली. ती टोमणा मारायची म्हणून नव्हती बोलली, तिला खरंच नवल वाटलं होतं. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, बाई पाणी पिता का.

ज्या पानासाठी मी तुला घराबाहेर काढलं, त्या पानाने तुझ्या बापाचा पाय वाचवला. चार वर्षं मी त्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घेते आहे. सरपंचाने एका शब्दाने सांगितलं नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "तुमच्यासमोर तिचं नाव काढायची कुणाची छाती होती?"

सह्या मी गोळा करते. एकतीस हव्यात.

आई


२८ फेब्रुवारी

स्तेलियाना,

घाईत लिहिते आहे. सरपंच उद्या कागद घेऊन जाणार, त्याच्याबरोबर हेही देते.

आधी घरोघर गेले. दोन आठवड्यांत चार सह्या. दार उघडतात, मोठ्या खोलीत नेतात, वाइन ओततात आणि सही नाही म्हणतात. "माझ्या हाताने मी भिकारी आहे असं लिहून देऊ?" "तिकडे इटलीत, पादोव्हाला माझ्या मुलीला कळलं तर ती काय म्हणेल, एवढं पाठवते ते कुठे जातं?" प्रत्येकाचं हेच. हे मीच त्यांना शिकवलेलं, आता मी त्यांना काय उत्तर देणार?

म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांना सभागृहात बोलावलं. चाळीसएक माणसं आली, बहुतेक म्हाताऱ्या. मी फळ्यासमोर उभी राहिले, जशी तीस वर्षं राहिले. कागद वाचून दाखवला. आगाफिया आत्या पहिल्या रांगेत होत्या. काठीवर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "एफ्रोसिना, तुझ्या पोरीने तुझ्या घरातलं खरं लिहिलं तर तू तिला हाकललंस. आणि आता आम्ही आमचं लिहायचं?"

मी म्हटलं, "हो. चुकले. तिला हाकललं ते चुकलं आणि तुम्हाला चुली पेटवायला लावल्या तेही चुकलं."

"चुकले म्हणणं सोपं आहे," आत्या म्हणाल्या. "माझं सरपण गेलं तीन दिवसांत. आणि तुझे ते गालिचे, दुपारी काढून नेलेस, भिंतीवर खिळे तसेच राहिले. रोज बघते मी ते."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मला वाटलं, आता सगळं संपलं, पुन्हा तीच मुख्याध्यापिकेची खोली. तेवढ्यात मागून तुझे वडील उठले. तुला माहीत आहे, त्रिफॉन चार माणसांत तोंड उघडत नाही. काठी टेकत पुढे आला, खुर्चीवर बसला आणि डावा बूट काढायला लागला. मोजा काढला. पट्टी सोडली. मी म्हटलं, "अहो, इथे काय हे." तो म्हणाला, "तू गप्प बस. तू बोललीस पुरे."

मग लोकांना म्हणाला, "हा अंगठा होता. हे शेजारचं बोट जाणार की नाही ते झिना राहते की नाही यावर आहे. आता माझ्याकडे गालिचा आहे का, फ्रिज आहे का, ते विचारा."

आगाफिया आत्यांनी काठीवर पुढे वाकून पाय पाहिला. मग म्हणाल्या, "झाक ते. पेन द्या इकडे. आणि वाचून दाखवा कुठे करायची, डोळ्यांना दिसत नाही. मोतीबिंदू आहे, तेही लिहा हवं तर."

छत्तीस सह्या झाल्या. आत्यांची पहिली. घरी येताना मी त्रिफॉनचा हात धरला होता आणि तो सारखा म्हणत होता, "थंडी लागली पायाला, दुसरं काही नाही." रडत होता.

आई


२३ मार्च

स्तेलियाना,

औरिका परत आली. तीच मुलगी, या वेळी हातमोजे घालून, आणि तिच्याबरोबर तुमच्या संस्थेचा एक टक्कल पडलेला माणूस. तू नव्हतीस. तुला परवानगी नाही हे माहीत होतं, तरी सकाळपासून मी फाटकापर्यंत कितीदा गेले ते मोजलं नाही.

गावात सांगून ठेवलं होतं, मोठी खोली बंद. कुलूपच लावा, सवय वाईट असते. तरी दोन घरांत टेबलं मांडलेली निघाली. आगाफिया आत्यांनी औरिकाला पलंगाच्या कडेला बसवलं, कारण मागच्या खोलीत खुर्ची एकच आणि तिच्यावर मांजर. मक्याच्या पिठाची मामालिगा आणि कांदा खायला घातला. पोरगी बाहेर येऊन मला म्हणाली, "बाई, आज कुठे मला कळलं मी काय विचारतेय ते."

मग आमचं घर. तिला मागच्या खोलीत आणलं, चुलीपाशी. त्रिफॉन पाय वर घेऊन पडला होता. एका दोरीवर त्याच्या पट्ट्या वाळत होत्या, त्या काढाव्यात म्हणून माझा हात दोनदा वर गेला आणि दोनदा मी तो खाली घेतला. सगळी उत्तरं दिली. किती खोल्या तापवता, एक. फ्रिज, आहे, चालत नाही, टॉवेल ठेवते. आठवड्यातून मांस किती वेळा, रविवारी, बदक कापलं तर. टक्कलवाला माणूस सगळं ऐकत उभा होता, त्याने खोलीच्या त्या रकान्यात लिहिलं 'स्वयंपाकघर'. झिनाची बदली निकाल लागेपर्यंत थांबवली आहे, असं तोच म्हणाला. निकाल मे महिन्यात. दुसऱ्या बोटाचा रंग जरा बरा आहे, मी मनाने लिहीत नाही, झिनानेच सांगितलं.

शेवटचं पान राहिलं होतं. 'घरातलं कुणी बाहेरगावी राहतं का?' एक. मुलगी. 'शेवटची भेट कधी?' चार वर्षं पाच महिने. 'बाहेर राहण्याचं कारण?' तिच्याकडे ठरलेली उत्तरं होती, ती तिने एकेक वाचली. नोकरी. शिक्षण. लग्न. आजारपण. इतर.

मी म्हटलं, "इतर."

ती म्हणाली, "इतर असेल तर काय ते लिहावं लागतं."

त्रिफॉनने माझ्याकडे पाहिलं. टक्कलवाल्या माणसाने खिडकीबाहेर पाहिलं. त्याला बहुतेक ठाऊक आहे तू कोण ते. मी म्हटलं, "लिही. आईने येऊ नकोस असं सांगितलं."

पोरीने मान वर न करता लिहिलं. अक्षर चांगलं आहे तिचं, वळणदार. मग पुढचा रकाना वाचला, तो प्रत्येक कारणाला असतो म्हणे: "हे कारण आजही लागू आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?" तिने विचारलं. "कारण एकदा भरलं की मला बदलता येत नाही."

"नाही लागू," मी म्हटलं. "खूण कर."

तिने खूण केली. मी उठून, वाकून ती पाहिली, नीट चौकटीत आहे की नाही. आहे. हे पत्र तू फोडलं नाहीस तरी चालेल, स्तेलियाना. फॉर्म नंबर एकोणचाळीस, शेवटचं पान.

आई